दोन्हीकडे टीडीएस शून्य, मग कर कुठून आला?

अंबड_फर्स्टशिफ्ट
मंडळी, मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, पगार वर्षाला ९,६०,०००. यंदा एप्रिल २०२५ पासून संध्याकाळी कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये दहावीचं गणित घेतो, त्याचे ३,६०,०००. दोघांपैकी कुणीच टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापायचा कर, एक रुपयाही कापलेला नाही. दोघांचं एकच म्हणणं, बारा लाखांपर्यंत काही लागत नाही. माझा हिशेब असा: बेरीज १३,२०,०००, दोन्हीकडचं ७५,०००चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारावरची ठरावीक वजावट, काढलं की ११,७०,०००. म्हणजे सुटलो ना? नवीन रिजीमच आहे, म्हणजे नवी करप्रणाली.

सातपूरकर
नाही सुटलात भाऊ. स्टँडर्ड डिडक्शन माणसाला मिळतं, नोकरीला नाही. एकदाच ७५,०००. उरले १२,४५,०००. बारा लाख ओलांडले की ती सूट जाते, हिशेब चार लाखांपासून लागतो. चार ते आठ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आठ ते बारावर १० टक्के म्हणजे ४०,०००, वरच्या ४५,००० वर १५ टक्क्यांनी ६,७५०. एकूण ६६,७५०, वर सेस, म्हणजे करावरचा उपकर. आणि क्लासवाले पगार देतात की फी? फी म्हणून १० टक्के कापत असते तर गोष्ट वेगळी, रिटर्नचा फॉर्मसुद्धा बदलला असता.

अंबड_फर्स्टशिफ्ट
पगारच. स्लिप मिळते, प्रोफेशनल टॅक्सही कापतात. पण ६६,७५०? दोन महिन्यांची क्लासची कमाई गेली की!

पंचवटीचे_काका
थांबा, एवढे भरू नका. उत्पन्न बारा लाखांच्या जरासं वर गेलं की मार्जिनल रिलीफ मिळतो. बाराच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर घेत नाहीत. तुमचे वर ४५,०००, म्हणून कर ४५,०००. त्यावर ४ टक्के सेस १,८००. एकूण ४६,८००. मी आयुष्यभर लेखा विभागात काढलं, तरी यंदा हे पोरानं दाखवलं तेव्हा कळलं.

आता दोन वाटा. १२बी फॉर्ममध्ये क्लासचा पगार लिहून कारखान्यात द्या, ते जानेवारी, फेब्रुवारी, मार्चला १५,६०० कापतील. व्याजाची भानगड नाही.

अंबड_फर्स्टशिफ्ट
काका, तिथेच तर अडलंय. नेमणूकपत्रात 'अन्य नोकरी करणार नाही' असं लिहिलेलं आहे. एचआरला कागद दिला की गेलोच.

पंचवटीचे_काका
तो प्रश्न कराचा नाही, तुमचा आणि कंपनीचा आहे. पत्र नीट वाचा, परवानगी मागता येते का बघा. कर मात्र स्वतःही भरता येतो. १५ मार्चच्या आत सगळे ४६,८०० आगाऊ कर म्हणून भरा. जून, सप्टेंबर, डिसेंबरचे हप्ते हुकलेत, त्याचं व्याज १,९०० च्या आसपास बसेल, ते रिटर्नच्या वेळी. मार्चही हुकला तर एप्रिलपासून महिन्याला १ टक्का वेगळा. लपवायचा विचार नको, दोन्ही पगार एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसू शकतात. ते आयकर खात्याला दिसतं, तुमच्या एचआरला नाही.

अंबड_फर्स्टशिफ्ट
स्वतःच भरतो. पोरांना टक्केवारी शिकवतो आणि इथे वजावट दोनदा धरली, वर्गात सांगायची सोय नाही. आज क्लास सुटला की आयकर खात्याच्या साइटवर ई-पे टॅक्सला बसतो. वर्ष २०२५-२६ निवडायचं ना?

सातपूरकर
अरे नाही! २०२५-२६ च्या कमाईचं निर्धारण वर्ष २०२६-२७, तेच निवडा. प्रकार आगाऊ कर, कोड १००. २०२५-२६ टाकलंत तर पैसे मागच्या वर्षात जाऊन बसतील. चलन डाउनलोड करून ठेवा.