बोअरच्या जड पाण्यासाठी पाइपवरचं मॅग्नेट घ्यावं का? (बजेट ५०००)

क्षारसम्राट: बोअरचं पाणी, लॅबच्या रिपोर्टनुसार हार्डनेस (जडपणा) ५०० मिग्रॅ प्रति लिटर. दोन बाथरूम, दोन्हीकडे १५ लिटरचे गीझर, कॉइलवर पांढरा थर. रोजचा वापर साधारण १००० लिटर. पाइपवर बांधायचं निओडिमियम मॅग्नेट घेऊ का? बजेट ५०००.

रेझिनराव: सरळ ऑटोमॅटिक सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) घ्या. ५०० गुणिले १००० म्हणजे रोज अर्धा किलो क्षार. एक लिटर रेझिन (सॉफ्टनरमधले क्षार पकडणारे दाणे) साधारण ५० ग्रॅम धरतं. २५ लिटर रेझिन अडीच दिवसांत भरेल, मग ते पुन्हा कामाला लावायला दर वेळी साडेतीन-चार किलो मीठ.

क्षारसम्राट: बजेट ५००० आहे हो.

रेझिनराव: मग फक्त बाथरूमच्या लाइनला बसवा. रोज ३०० लिटर धरले तर आठ दिवस निघतात. स्वस्त घेऊन दोनदा पैसे घालवण्यापेक्षा बरं.

कॅल्साइट: मॅग्नेट कॅल्शियम काढत नाही. दावा एवढाच की पाणी तापल्यावर अ‍ॅरागोनाइटचे सुटे कण पडतात आणि ते कॅल्साइटइतके घट्ट चिकटत नाहीत (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपं). प्रयोगांचे निकाल उलटसुलट आहेत. साबणाला फेस येत नाही, तो मॅग्नेटनंतरही येणार नाही. घेतलंच तर सीपीव्हीसीवर (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) बांधा. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचं लोखंडच चुंबकीय क्षेत्र ओढून घेतं, आत पाण्यापर्यंत फार थोडं पोचतं. गरम आउटलेटवरही नको, साधं निओडिमियम ८० अंशांपुढे ताकद गमावतं.

झुळझुळ: बसवा आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरने आधी-नंतर मोजा, लगेच कळेल.

कॅल्साइट: काय कळणार? सॉफ्टनरनंतरही टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. हार्डनेसचं थेंब टाकायचं किट आणा. आणि मॅग्नेटनंतर तोही आकडा बदलणार नाही.

झुळझुळ: मग आरओच लावा ना सगळीकडे.

रेझिनराव: आरओ! आंघोळीला! रिजेक्टचं (आरओ बाहेर टाकतो ते) पाणी कुठे सोडणार? सॉफ्टनरच.

प्लंबरकाका: बजेटातलं सांगतो. थर्मोस्टॅट ५० वर ठेवा, जास्त तापवलं की बायकार्बोनेट जास्त फुटतं आणि थर वाढतो. सहा महिन्यांनी एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडून टाकी रिकामी करा, फ्लँज (कॉइल बसवलेलं झाकण) खोला, कॉइल लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवा (लिटरला ५० ग्रॅम, कोमट). बुडबुडे थांबले की काढा. खरवडू नका. गॅस्केट नवीन टाका, अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) बारीक झाला असेल तर तोही. टाकी पूर्ण भरून नळातून धार आल्याशिवाय स्विच लावू नका, कॉइल कोरडी जळते. म्युरिअ‍ॅटिक (हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिड अजिबात नको. इनलेटला पॉलिफॉस्फेटच्या (थर रोखणाऱ्या रसायनाच्या) गोळ्यांचं कार्ट्रिज लावलं तर थर उशिरा धरतो, पण गोळ्या विरघळून संपतात, त्या बघत राहाव्या लागतात.

रेझिनराव: +१, पण सॉफ्टनर असेल तर हे काहीच करावं लागत नाही.

क्षारसम्राट: धन्यवाद मंडळी. मॅग्नेट घेतोय, परत करता येतं. एकाच गीझरच्या थंड इनलेटवर, सीपीव्हीसीवर. दुसरा तसाच ठेवतो.

कॅल्साइट: मग दोन्ही कॉइल आधी साफ करून घ्या, थर्मोस्टॅट सारखे ठेवा, आणि बाथरूमही अधूनमधून अदलाबदल करून वापरा. नाहीतर कमी वापराच्या गीझरचं श्रेय मॅग्नेटला जाईल.

रेझिनराव: परतीची मुदत बघा आधी. थर धरायला महिने लागतात.