मदत हवी आहे: मुलांकडून पक्षीगणना कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातल्या शाळेत शिकवतो. नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य (2020 मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते) आम्हाला जवळच. जानेवारीत सहावीची चौतीस मुलं चापडगावच्या मनोऱ्यावर न्यायची आहेत. दुर्बिणी मात्र दोनच!

मागच्या खेपेला शेकाट्या लांब लाल पायांमुळे सगळ्यांनी ओळखला. वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचा थवा मोजताना मात्र गोंधळ. काळी अंगं, कपाळी पांढरा टिळा, सतत हलणारे. एकाने साठ मोजले, दुसऱ्याने दोनशे. एकीने तर विचारलं, "सर, हे पंढरपूरला जातात का?"

थवा दहा-दहाच्या गटांनी मोजायची सवय मुलांना वर्गातच कशी लावावी? आणि मराठी नावांचा चित्रतक्ता कुणाकडे आहे का? छपाईचा खर्च मी करीन.