शिबिरात चाचणी होते, पण पुढे पक्क्या तपासणीला कुणी जात नाही. मदत हवी आहे

आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ आम्ही चौघे स्वयंसेवक रात्री ड्रायव्हर-क्लीनरसाठी एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणीच्या शिबिरात मदत करतो. बोट टोचून रक्ताचा थेंब घेतात, निकाल थोड्या वेळात कळतो. चाचणीला नकार फारसा नसतो, चहा पाजला की निम्मे तयार. घोडं अडतं ते पुढे.

किटवर दोन रेघा आल्या म्हणजे निदान झालं असं नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन-चाचणी केंद्रात, वेगवेगळ्या किटने पुन्हा तपासूनच ते पक्कं होतं. आमचं जवळचं केंद्र दिवसा उघडं, आणि गाडी पहाटेच माल भरून निघते. मागच्या वेळी एकाने चिठ्ठी घडी करून लायसन्सच्या कव्हरात सरकवली, 'परतीला जातो' म्हणाला. गेला की नाही, पत्ता नाही.

सोबत येतो म्हटलं, भाडं देऊ केलं, १०९७ हेल्पलाइनचा नंबर दिला. फोन करून पाठपुरावा नको, कारण फोन बऱ्याचदा घरचे उचलतात. मालकांनाही मध्ये घ्यायचं नाही, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तपासणी, औषधं सरकारीत मोफत आहेत, त्यामुळे पैशांची अडचण नाही.

हायवेवर काम केलेल्यांना विचारायचंय: आयसीटीसीचे तंत्रज्ञ रात्री शिबिरातच येऊन पक्क्या तपासणीसाठी रक्त घेऊन जातील, अशी सोय कुणी करून घेतली आहे का? अर्ज कुणाकडे केलात, जिल्हा एड्स नियंत्रण पथकाकडे की थेट केंद्राच्या समुपदेशकाकडे?