संपाने गिरण्या बुडाल्या म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

परळकर (धागाकर्ता)
काल एका ग्रुपवर फिरत फिरत आलेली पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. मजकूर साधारण असा: 'सामंतांच्या एका हट्टापायी मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, अडीच लाख मराठी घरं उघड्यावर आली, आता नव्या लेबर कोडच्या नावाने गळा काढणारे पण तेच करणार, मराठी माणसाला युनियननेच संपवलं.' खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे उत्तर टाकलं तर ॲडमिनने उडवलं, म्हणून इथे.

डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला ती १८ जानेवारी १९८२ ही तारीख सगळ्यांना पाठ असते, त्याच्या आधीचं कुणाला काही आठवत नाही. गिरण्यांच्या मागांवर सरकारने पन्नासच्या दशकापासून लगाम घातलेला, भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीचे पॉवरलूम वाढत चाललेले, आणि बऱ्याच मालकांनी नफा मशिनरीत घालायचं कधीच सोडून दिलेलं. माझे आजोबा साचा खात्यात, म्हणजे विणायच्या मागांवर होते. त्यांच्याकडचे साचे त्यांच्या वयापेक्षा जुने, पार्ट मिळत नाही म्हणून बंद पडलेल्या साच्याचे पार्ट काढून चालू साच्याला लावायचे. हा धंदा संपाने मेला? संप चालू असताना भिवंडीला कापड विणून घेऊन त्यावर आपला छाप मारून विकत होतेच की. मिटवायची घाई कुणाला होती?

आणि मूळ दुखणं त्या पोस्टीत औषधालाही नाही. बीआयआर ॲक्ट, म्हणजे बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट, १९४६. पंचवीस टक्के सभासद दाखवा, तुम्ही प्रातिनिधिक युनियन, मालकाने बोलायचं तर तुमच्याशीच. म्हणजे काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाशी. कामगार खरा कुणाच्या मागे आहे याचं गुप्त मतदान कधी घेतलंच नाही. बोनसवरून पेटलेले स्टँडर्ड मिलचे कामगार १९८१ मध्ये सामंतांकडे गेले ते यामुळे, ते काही कामगारांना उचलून घेऊन गेले नव्हते. पगारवाढीवर तोडगा निघालाही असता, पण हा कायदा रद्द करा या मागणीवर सरकार हटेना, कारण मजदूर संघ गेला की काँग्रेसचा गिरणगावातला पाय गेला.

आता मजा बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या लेबर कोडमध्ये, म्हणजे केंद्राच्या नव्या कामगार कायद्यात, हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली एकच युनियन वाटाघाटी करणार. आणि हजेरीपटावर आहेच कोण आज? निम्म्याच्या वर कंत्राटी असलेल्या प्लँटमध्ये बोलणी कुणाच्या नावाने होणार ते सांगा.

बीई_मेकॅनिकल
बरं लिहिलंय पण तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतोय. मालकाला घाई नव्हती म्हणता ना, मग ज्याला घाईच नाही त्याच्यासमोर बेमुदत बसायचं हे कुठलं शहाणपण? इंजिनीअरिंग कंपन्यांत सामंतांचं जमलं कारण तिथे एक मालक, त्याची ऑर्डर अडकलेली, तो दोन-चार महिन्यांत नमायचा. इथे साठेक गिरण्या, गोदामात माल पडून, त्यातल्या कित्येकांना टाळंच हवं होतं. अडीच लाख लोकांना घेऊन चढताना उतरायचा रस्ता नेत्याने बघायचा की नाही? संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही असं लोक छाती फुगवून सांगतात, त्यात फुगवण्यासारखं काय आहे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

५१ टक्क्यांबद्दल म्हणाल तर पंचवीसपेक्षा बरेच की. एका कंपनीत पाच युनियन, पाच झेंडे, रोज नवीन गेटसभा, हे ज्याने एचआरमध्ये बसून बघितलंय त्याला विचारा.

परळकर
उतरायचा रस्ता म्हणजे कुणीतरी बोलायला समोर बसतं तेव्हा. सामंतांशी बोलायची कायद्याने सोयच नव्हती, आणि ज्यांच्याशी सोय होती त्यांना गेटवर उभं राहायची सोय नव्हती. सामंत तर सुरुवातीला गिरण्यांत पडायला तयारच नव्हते. त्यात वर बघा, संप सुरू झाला त्याच आठवड्यात अंतुले जाऊन बाबासाहेब भोसले आले. मुख्यमंत्रीच नवा, दिल्लीकडे बघितल्याशिवाय पान हलत नव्हतं.

लेथ_मास्तर
आजोबांबद्दल आदर आहे, पण मालक म्हणजे राक्षस हे जरा थांबवा आता. माझ्या काकांचं वागळे इस्टेटला छोटं वर्कशॉप होतं, सगळे मिळून तीसेक माणसं. ऐंशीच्या दशकात आजूबाजूला युनियनचे लाल फलक लागले तसा आमच्याकडेही लागला. मागणीपत्रकात आकडे होते ते शेजारच्या मोठ्या कंपनीचे जसेच्या तसे उतरवलेले, कँटीन सबसिडी सकट, आमच्याकडे कँटीनच नव्हतं, बाहेरून चहा यायचा! काका नेत्याला वह्या दाखवत होते, तो वह्या बघायला पण तयार नाही. शेवटी सगळं विकून टाकलं. मोठे मालक उठून सिल्वासा-दमणला गेले, मेले ते आमच्यासारखे. त्यावर कुणी पोवाडे लिहीत नाही.

मी आज भोसरीत लेथ चालवतो, सहा माणसं आहेत, त्यांच्याशी माझं भांडण झालं तर आम्ही तिथल्या तिथे मिटवतो. मोठी कंपनी माझं बिल चार-चार महिने अडकवते तेव्हा माझी युनियन कुठाय?

सातमहिनेवाला
लेथ मास्तर, कँटीनचं ऐकून हसलो. आमच्याकडे चाकणला कँटीन आहे, पण पर्मनंटला एक बाजू आम्हाला दुसरी. लाईन तीच, टॉर्क गन तीच, टार्गेट तेच, पगार निम्म्याच्याही खाली. सात महिने झाले की सुपरवायझर येतो, गेटपास जमा कर म्हणतो, ब्रेक. मग थोड्या दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने नवा गेटपास, उभं राहायचं परत त्याच स्टेशनला. नवीन पोराला शिकवायला परत मीच, आणि कागदावर मी पण नवीनच.

मधे आमच्याकडे पर्मनंटच्या युनियनचा करार झाला, पेढे वाटले, आम्हाला पण दिले. करारात कंत्राटी हा शब्द एकदाच होता, कंपनी आपल्या गरजेनुसार कंत्राटी घेऊ शकेल म्हणून. तेव्हा डॉक्टर सामंतांचा फोटो ऑफिसात लावणाऱ्या युनियनवाल्यांनी पण आम्हाला अक्कल शिकवू नये.

बीई_मेकॅनिकल
सातमहिनेवाला, तुमची चीड योग्य आहे पण कंत्राटी पद्धत वाढली कशी? एकदा पर्मनंट केलं की काढताच येत नाही म्हणून कंपन्यांनी पळवाट काढली. शंभर किंवा जास्त कामगार असले की सरकारी परवानगीशिवाय कपात नाही, टाळं नाही, असा नियम होता. आता तीनशेची मर्यादा केली, फिक्स टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला, वर्षभरात ग्रॅच्युइटी आली. द्या की संधी कोडला.

सातमहिनेवाला
साहेब ग्रॅच्युइटी वर्ष पूर्ण केल्यावर आहे ना? मी सात महिने म्हणालो.

परळकर
😂 हे बाकी जोरदार.

खानावळवालीची_नात
सगळे पुरुष मालक आणि कामगार करत बसलेत. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. सातारा-कोल्हापूरकडचे गाळेकरी, एका खोलीत मिळून राहणारे कामगार, जेवायला, महिन्याच्या पगारावर हिशोब. तिला लिहिता येत नव्हतं तर माझी आई, तेव्हा सातवीत, वही ठेवायची: कोण दोन वेळ, कोण एक वेळ, कोणाचा रविवारी मटणाचा जादा. संप लागला तशी पहिल्या महिन्यात कुणी पैसे मागितले नाहीत, दुसऱ्यातही नाही. मग एकेक जण गावी गेला. जाताना पाया पडून गेले, येतो म्हणाले. वाण्याचं देणं आजीच्या नावावर राहिलं ते तिने भांडी आणि पाटल्या विकून फेडलं. ती ना हजेरीपटावर ना सभासद. तुमच्या ५१ टक्क्यात तिला कुठे धरता ते सांगा, नुसतं सामंत बरोबर का चूक!

आणि हो, बायका गिरण्यांतही होत्या, मशीन आणून आधी त्यांनाच घरी बसवलं, बरंच आधी. तेव्हा संप नव्हता झाला म्हणे.

कर्जत_स्लो
अवांतर होतंय पण राहवत नाही. संप राहू दे, जमिनीचं बोला. १९९१ च्या डीसी रूल ५८ मध्ये, म्हणजे मुंबईच्या विकास नियमांत, गिरणीच्या जमिनीचे तीन भाग होते: एक पालिकेला मैदानासाठी, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये गुपचूप बदल केला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची, बांधकाम पाडून जी मोकळी होईल तिची नाही. गिरणीत मोकळी जागा असते किती? शेडच शेड. मुंबईच्या हिश्श्याला काय आलं असेल बघा. लोक कोर्टात गेले, २००६ ला सुप्रीम कोर्टात हरले. त्याच्या आदल्याच वर्षी कोहिनूर नंबर तीन गिरणीची जमीन ४२१ कोटींना गेली होती. संपाने बुडालेल्या धंद्याची ही किंमत बरं का.

लेथ_मास्तर
जमीन मालकाची होती, तो विकणार. माझं वर्कशॉप मी विकलं तर तुम्हाला एक भाग देऊ का?

कर्जत_स्लो
तुमच्या वर्कशॉपला शहराच्या मधोमध स्वस्तातली जमीन कापड काढायला दिली होती का? कापड बंद तर वापर बदलायला सरकारची परवानगी लागते, परवानगीबरोबर अट येते. एवढं साधं आहे.

लेथ_मास्तर
आणि गिरणी कामगारांना देतात ती घरं? चाळीस वर्षांपूर्वी कुणाचे वडील गिरणीत बदली कामगार होते म्हणून आज नातवाला घर. मला जीएसटी भरून, ईएमआय भरून वन बीएचके. हा कुठला न्याय, जरा समजवा.

कर्जत_स्लो
फुकट घर म्हणणाऱ्यांना एकदा माझ्याबरोबर फिरवतो. २०१२ च्या लॉटरीत ६,९२५ घरं, साडेसात लाख भरून. अर्ज पावणेदोन लाखाच्या घरात. २०१६ ला पनवेलजवळ कोनची लॉटरी काढली, नंतर कोविडमध्ये तीच घरं विलगीकरणाला घेतली. लोकांनी पैसे भरलेले, हप्ते चालू, आणि आत गेले तर नळ, दारं, सगळ्याची वाट लागलेली. आणि आता शेलू-वांगणीला ८१ हजार घरं म्हणे. मी रोज त्याच लाईनने जातो, कर्जत लोकलला वांगणीला दारात लटकायला जागा नसते. परळला जन्म काढलेल्या म्हातारीला तिथे पाठवायचं, तिची औषधं केईएमला.

बीई_मेकॅनिकल
मग नका घेऊ. नाशिकहून, पनवेलहून लोक येतातच की.

कर्जत_स्लो
नका घेऊ म्हणणं सोपं आहे हो! या घरांच्या शासन निर्णयात कलम १७ होतं, घर नाकारलं तर हक्कच गेला. २०२५ च्या जुलैमध्ये आझाद मैदानावर ऐंशीच्या घरातली माणसं पावसात बसली तेव्हा कुठे ते कलम मागे घ्यायची भाषा झाली. तुम्ही एसीत बसून नाशिक सांगा.

बीई_मेकॅनिकल
एसीवर आलात म्हणजे मुद्दे संपले.

खानावळवालीची_नात
तुमचे तर 'नका घेऊ' पाशीच संपले होते. घर कामगाराला, वारसाला, बरोबर आहे, मिळावं. खानावळवालीला काही नाही, फुलवालीला नाही, चहावाल्याला नाही. मी मागत पण नाही. फक्त फुकट फुकट ओरडताना आधी हे बघा की कोणाकोणाला काहीच मिळालेलं नाही.

लेथ_मास्तर
ताई, तुमच्या आजीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मग त्या माणसांना गावी पाठवलं कुणी, मालकाने की नेत्याने?

खानावळवालीची_नात
आजी दोघांनाही शिव्या द्यायची. पण १९९७ मध्ये पवईला डॉक्टरांना गोळ्या घातल्या त्या दिवशी तिच्याकडे चूल पेटली नाही. आता लावा अर्थ.

परळकर
अहो, धागा कोडबद्दल होता. ५१ टक्क्यांवर कुणीच धड बोललं नाही. संप करायचा तर चौदा दिवस आधी नोटीस, पन्नास टक्के लोकांनी एकदम कॅज्युअल लीव्ह टाकली तर तोही संपच धरणार. हे मान्य आहे का सगळ्यांना?

बीई_मेकॅनिकल
नोटीस मान्य आहे, लीव्हचं कलम जरा जास्त होतंय हे कबूल करतो, खूश? पण गुप्त मतदान घ्या ही तुमची मागणी असेल तर पर्मनंट युनियनच त्याला आधी विरोध करतील. कंत्राट्यांना मत द्यायला कुठलाच झेंडा तयार होणार नाही.

सातमहिनेवाला
हे पहिलं खरं बोललात.

लेथ_मास्तर
कर्जत स्लो, भांडण बाजूला. माझ्याकडचा जुना फिटर आहे, त्याचे वडील मिलमध्ये होते, वारले. घरात तिकीट नंबरचा बिल्ला आहे आणि एक लाल पास, फाटलेला. घराच्या अर्जाला चालेल का?

कर्जत_स्लो
लाल पास असेल तर उत्तम, लॅमिनेट अजिबात करू नका. ईएसआयचा किंवा पीएफचा नंबर कुठे लिहिलेला आहे का बघा. १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर कामावर होते एवढं दिसायला हवं. आधी कधी अर्ज भरला होता का? पावती असेल तर फिटरलाच मला मेसेज करायला सांगा. आणि वारस किती आहेत ते आधी विचारा, भावाभावांत तिथेच अडतं.

बीई_मेकॅनिकल
मालक कामगाराचे कागद गोळा करतोय. संघर्ष संपला म्हणायचा.

लेथ_मास्तर
गप बसा हो. मी बोनसही दिवाळीच्या आधी देतो, तुमची कंपनी माझं बिल कधी काढते ते बघा.