कुत्रीचा ताप हटत नाही: सांध्यातलं पाणी तपासल्याशिवाय स्टेरॉइड का नको?

शेपटीवाला:
दोन वर्षांची लॅब्रॅडॉर मादी, वजन २६ किलो. ताप ४०.१ सेल्सियसपर्यंत चढतो, अँटिबायोटिकचा कोर्स झाला तरी तसाच. उठताना अंग आखडलेलं, जिना टाळते, कधी पुढचा पाय जपते तर कधी मागचा. सुजलेला सांधा एकही नाही. पांढऱ्या पेशी २४,०००, प्लेटलेट ठीक, गोचीडतापाची जलद चाचणी निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ. सध्या मेलॉक्सिकॅम (दुखणं-सूज कमी करणारं, स्टेरॉइड नसलेलं औषध) चालू आहे. डॉक्टर म्हणतात, गुंगी देऊन चार-पाच सांध्यांतलं पाणी काढू, मगच स्टेरॉइड. इतकी लक्षणं समोर असताना थेट औषध का नको? आणि सूजच नाही तर सुई टोचायची कुठे?

काचपट्टी:
डॉक्टर बरोबर सांगताहेत. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या आजारात (इम्यून-मीडिएटेड पॉलिआर्थ्रायटिस) बऱ्याच कुत्र्यांचे सांधे हाताला अगदी नेहमीसारखे लागतात. ताप, आखडणं आणि पाय बदलत लंगडणं, एवढंच दिसतं. म्हणून सूज शोधत न बसता मनगटं, घोटे आणि गुडघे ठरवूनच तपासतात. एकाच सांध्यावर निदान करायचं नसतं.

केस भादरून, त्वचा निर्जंतुक करून २२ किंवा २३ गेजची सुई आणि छोटी सिरिंज वापरतात. लहान सांध्यातून थेंब-दोन थेंबच निघतात, त्यामुळे पहिला थेंब काचपट्टीवर घ्यायचा. उरलं तर ईडीटीएची (नमुना गोठू न देणारी) नळी आणि कल्चर (जंतू वाढवून बघायची चाचणी). सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडायचा, नाहीतर वाटेतलं रक्त ओढलं जातं आणि नमुना बिघडतो. निरोगी पाणी चिकट असतं, थेंब सोडला की दोन-अडीच सेंटिमीटरची तार धरतो. आजारात ते पातळ होऊन टपकन पडतं. पेशी साधारण ३,००० प्रति मायक्रोलिटरच्या आत आणि त्यांत न्यूट्रोफिल (दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) १० टक्क्यांहून कमी, हे ठीक. अनेक सांध्यांत न्यूट्रोफिलच न्यूट्रोफिल आणि कल्चर निगेटिव्ह, तर संशय पक्का होत जातो.

स्टेरॉइड आधी दिलं की याच पेशी ओसरतात आणि अहवालाचा अर्थ लागत नाही. दुसरा धोका मोठा आहे. हृदयाच्या झडपेला किंवा मणक्यांमधल्या चकतीला जंतुसंसर्ग असला तरी कुत्रं असंच दिसतं, आणि तिथे स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल. छातीत नवी मरमर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येते का हे विचारा. मान खाली घेताना कळवळते का तेही बघा. तसं असेल तर स्टेरॉइडला दाद देणारा मेनिन्जायटिस (मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणाचा दाह) डोक्यात ठेवून पाठीच्या कण्यातलं पाणीही त्याच गुंगीत काढता येईल का, हे आधीच बोलून घ्या. त्याला बहुतेकदा पूर्ण भूल लागते.

गोचीडमार:
जलद चाचणी निगेटिव्ह आली म्हणून गोचीडताप बाद करू नका. ती बहुधा अँटिबॉडी शोधते आणि आजाराच्या सुरुवातीला अँटिबॉडी तयारच झालेल्या नसतात. पीसीआरसाठी (थेट जंतूचा अंश शोधणारी चाचणी) रक्त द्या, तेही डॉक्सिसायक्लिन (गोचीडतापावरचं अँटिबायोटिक) सुरू करण्याआधी. लघवीतलं प्रथिनही मोजून घ्या.

आधीचं अँटिबायोटिक सल्फाचं होतं का? सल्फामुळेही सांधे धरतात. अर्थात ताप त्याच्या आधीचा असेल तर हा मुद्दा इथे लागू नाही.

काचपट्टी:
सहमत, फक्त एक भर. डॉक्सिसायक्लिनवर कुत्री सुधारली म्हणजे गोचीडतापच होता असं धरू नका. ते औषध स्वतःच दाह थोडा कमी करतं.

मात्रामोजा:
मेलॉक्सिकॅमबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. ते आणि स्टेरॉइड एकत्र पडलं तर पोटात व्रण, कधी छिद्रही. मधे काही दिवस मोकळे सोडावे लागतात, आणि ते दिवस सांध्यातलं पाणी तपासण्याच्या काळातच निघून जातात.

निदान पक्कं झालं तर प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड) सुरुवातीला किलोमागे २ मिग्रॅपर्यंत रोज. मोठ्या कुत्र्यांत हा हिशोब जड जातो, म्हणून अनेक डॉक्टर दिवसाला ४०-५० मिग्रॅच्या आसपासच थांबतात. ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो आणि घोळ इथूनच सुरू होतो: कुत्रं उड्या मारतंय म्हणून घरचे गोळी बंद करतात. आजार उलटतोच, शिवाय अॅड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या) झोपलेल्या असल्याने कुत्रं कोसळू शकतं. दर तीन-चार आठवड्यांनी २०-२५ टक्के कमी, एकूण चार ते सहा महिने. प्रत्येक कपातीआधी सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) बघा. पांढऱ्या पेशी आणि एएलपी (यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम) स्टेरॉइडनेच वाढतात, त्यांवरून काही ठरवू नका.

मनीमाऊ:
मांजरात हेच लागू?

मात्रामोजा:
जसंच्या तसं नाही. मांजरात आधी चाव्याची जखम, कॅलिसिव्हायरस (मांजरांचा सर्दी-तोंड येण्याचा विषाणू) आणि एफआयपी (मांजरांच्या कोरोनाविषाणूमुळे होणारा गंभीर आजार) बघतात. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) मांजराला देत नाहीत, आणि पॅरासिटामॉल तर तापासाठी अर्धी गोळीसुद्धा नाही, जीव जातो. डॉक्सिसायक्लिनची गोळी अन्ननलिकेत अडकून ती आकसते, म्हणून मागोमाग सिरिंजने पाणी पाजा.

शेपटीवाला:
मेलॉक्सिकॅम डॉक्टरांना विचारून थांबवलं. अँटिबायोटिक सल्फाचं नव्हतं. स्टेरॉइडवर पाणी फार पितात म्हणे, रात्री भांडं उचलून ठेवलं तर चालेल?

मात्रामोजा:
नाही. लघवी जास्त होते म्हणून ती पाणी पिते, पाणी तोडलं तर शरीर कोरडं पडेल. गोळी सकाळी खाण्यासोबत द्या आणि रात्री एक जास्तीची फेरी बाहेर. खाणं मात्र मोजून, भूक कितीही लागली तरी. उलटी कॉफीच्या गाळासारखी किंवा शी डांबरासारखी काळी दिसली तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना फोन.