बागेतला रास्पबेरी पाय 4 पहाटे बंद पडतो. वीज कशी मोजू, कशी कमी करू? (बजेट 1500)

द्राक्षवाला_तासगाव: बागेत पाय 4 (हाताएवढा छोटा संगणक) बसवलाय. पानांचा ओलावा आणि तापमान नोंदवतो, डाऊनीचा (द्राक्षावरचा बुरशी रोग) अंदाज यावा म्हणून. 20 वॅटचं सोलर पॅनल, 12 व्होल्ट 7 एएच (अँपियर-तास) बॅटरी. छाटणीनंतर आभाळ आलं की पहाटे बंद. पानं ओली असतात तीही नेमकी तेव्हाच. खर्च 1500 च्या आत बसवायचाय.

रानवारा: 150 एएचची ट्युब्युलर टाका, विषय संपला. माझी गोठ्यावर आहे, पावसाळ्यातही हटत नाही.

सोल्डरवाला: बजेट वाचा की राव. झिरो 2 डब्ल्यू घ्या, पायचंच छोटं मॉडेल. पाय 4 नुसता बसून 3 वॅटच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला 72 वॅट-तास. तुमच्या बॅटरीत कागदावर 84, आणि लेड-ॲसिडचे निम्मेच वापरावेत. झिरो 2 डब्ल्यू निवांत असताना एक वॅटच्या आत राहतो. माझा तोच चालू आहे.

चिपळूण_मेकर: ओलावा मोजायला पाय कशाला? ईएसपी32 (साधा मायक्रोकंट्रोलर) घ्या, दोन नोंदींच्या मध्ये डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळजवळ बंद, टाका.

मापात_बोला: आधी मोजा तरी. चार-पाचशेचा टाइप-सी यूएसबी मीटर कन्व्हर्टर (12 चे 5 व्होल्ट करणारा) आणि पायच्या मध्ये लावा. क्षणाचा आकडा नको, 24 तासांचे वॅट-तास बघा. मग 12 व्होल्टच्या बाजूला मोजा. फरक दिसेल तो कन्व्हर्टर खातोय. कन्व्हर्टर म्हणून 7805 (साधी रेग्युलेटर चिप) लावला असेल तर निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत जाते.

सोल्डरवाला: मीटरला पैसे कशाला? मल्टिमीटर सिरीजमध्ये लावा.

मापात_बोला: 5 व्होल्टला नको. त्याच्या वायरींतच व्होल्टेज पडतं, आणि 4.63 च्या खाली गेलं की पाय अंडरव्होल्टेज दाखवतो. 12 व्होल्टला लावा, 10 अँपियरच्या खाचेत.

रानवारा: म्हणूनच मोठी बॅटरी म्हणतोय.

नाशिकचा_पाय: ब्लूटूथ बंद करून फार काही वाचत नाही. खरी गोम शटडाऊनची. मूळ सेटिंगवर पाय 4 बंद केल्यावरही वीज ओढत राहतो. ईईप्रॉममध्ये (पायची बूट सेटिंग साठवणारी चिप) 'पॉवर ऑफ ऑन हॉल्ट' 1 आणि 'वेक ऑन जीपीआयओ' 0 करा. पण परत चालू करायला बाहेरून टायमर लागेल.

द्राक्षवाला_तासगाव: मोजलं. पायकडे 2.9 वॅट, बॅटरीकडून 3.8. कन्व्हर्टर 7805 नाही, पण स्वस्तातला आहे, तो बदलतो. झिरो नको, ईएसपीही नको. भाच्याने प्रोग्रॅम पाय 4 वर बसवलाय, तो परत कोण लिहिणार? फवारणी पंपाची 12 व्होल्ट 8 एएचची जादा बॅटरी घरी पडून आहे, चार्जरही आहे. संध्याकाळी बागेत जातोच. भरलेली लावायची, उतरलेली घरी आणायची. रात्रीच्या 12 तासांना 46 वॅट-तास लागतात, तेवढं निघतं.

सोल्डरवाला: आणि फवारणीच्या दिवशी?

द्राक्षवाला_तासगाव: पंपात वेगळी आहे.

मापात_बोला: मग चालेल. रोज काढघाल होणार, तर उलटी न लागणारा कनेक्टर बसवा. प्लसच्या वायरीत बॅटरीजवळ 2 अँपियरचा फ्यूज टाका.