अर्धवट सुटलेलं शिक्षण पुरं करताना कुणाला कशी मदत केलीत? अनुभव लिहा

माझ्या मोठ्या जाऊबाई बेचाळिसाव्या वर्षी दहावी झाल्या, सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरून. सगळे मला विचारतात, "तू काय शिकवलंस त्यांना?" शिकवणं फार पुढचं. आधी चार महिने दाखल्यात गेले. आठवीत शाळा सुटलेली, दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. शाळेनं रजिस्टर सापडत नाही म्हणून त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी बरोबर गेले. शिपाईकाकांनी माळ्यावरून बासनात बांधलेलं रजिस्टर काढलं. ताईंना आपलं नाव सापडलं, निळ्या शाईतलं. त्यावर ठेवलेलं बोट त्यांनी बराच वेळ उचललं नाही.

मग गणित. ताई ब्लाऊज शिवतात, पण अपूर्णांक म्हटलं की हात गार. सात छेद चार म्हणजे किती? गप्प. मी टेप पुढे धरून विचारलं, हे किती? "पावणेदोन." तेच तर लिहिलंय इथे, म्हटल्यावर त्यांनी वही ओढून घेतली. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच अशी पानभर बेरीज-वजाबाकी त्या रात्री झाली.

ज्यांनी कुणाला असा हात दिला किंवा जे स्वतः परत शिकले, त्यांनी लिहा. "शिकायला वय नसतं" हे सगळ्यांना माहीत आहे. नेमकं काय केलं, काय अडलं, ते हवंय.

लातूरहून

मी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे शिकवणारी-मार्गदर्शन करणारी, आहे. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं हे विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. गंगा घरी पोचते, पुस्तकंही पोचतात. माणूस गळतो तो परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी. सोयाबीनची काढणी, घरातलं लग्न, सासूबाईंचं दुखणं, आणि तारीख निघून जाते. बायकांच्या बाबतीत आणखी एक: प्रवेश अर्जावर नंबर नवऱ्याचा असतो आणि निरोप त्याच्यापाशीच राहतो. म्हणून मी दोन नंबर घेते, दुसरा मुलीचा किंवा शेजारणीचा. रविवारच्या संपर्क सत्राला जी आली नाही तिला सोमवारी फोन. "का आली नाहीस" विचारायचं नाही. काय शिकवलं ते सांगायचं, पुढची तारीख सांगायची आणि ती तिच्याकडून म्हणून घ्यायची. एवढ्यावर कितीतरी जणी परत आल्या.

न्यू यॉर्कहून

इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी गणिताची ट्यूटर आहे. लातूरच्या ताई म्हणतात तसं इथेही माणूस गळतो तो अभ्यासाबाहेरच्या अडचणींनी. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये 'असॅप' नावाची योजना काढली: प्रत्येकाला ठरलेला सल्लागार, बस-मेट्रोचा पास, पुस्तकांना पैसे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून तपासलं, तर तीन वर्षांत योजनेतले ४० टक्के पदवीधर झाले, बाहेरचे २२ टक्के. पण तिथे पूर्णवेळ शिकण्याची अट आहे, आणि नोकरी सांभाळून येणाऱ्या मोठ्या माणसांची तिथेच गोची होते.

माझी एक विद्यार्थिनी वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. दोन वर्षांच्या पदवीला ६० क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, लागतात. तिची ४१ कधीचीच झाली होती, दुसऱ्या कॉलेजात. तिथली फी थकलेली, म्हणून गुणपत्रक मिळणार नाही असं धरून ती पहिल्यापासून सुरुवात करायला निघाली होती. फी थकली म्हणून गुणपत्रक अडवायला न्यू यॉर्क राज्यानं २०२२ मध्ये कायद्यानं बंदी केली, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघींनी बसून अर्ज लिहिला. गुणपत्रक आलं. त्या दिवशी गणित झालं नाही, ती नुसती रडत होती.

सांगलीहून

एसटीत वाहक आहे. पन्नाशीत बी.ए. केलं. मदत दोघांची. डेपोत साहेबांनी परीक्षेच्या दिवसांत पहाटेची ड्यूटी बदलून दिली. आणि बायकोनं घड्याळ लावून लिहायला बसवलं, आधी अर्धा तास, मग एक, मग तीन. तिकिटं फाडणाऱ्या हाताला तीन तास पेन धरवत नाही हो, अंगठा सुजायचा. अभ्यास होतो, हात तयार करावा लागतो. हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

अकोल्याहून

आईला दहावीला बसवायचंय. पण तिचा दाखला हरवलाय आणि ती शाळाही बंद पडलीय. काय करावं?

जाऊबाईंची धाकटी जाऊ (पहिला अनुभव माझाच)

मूळ दाखला नसेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालतं. शाळा बंद असेल तर त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात रजिस्टरची चौकशी करा. आईच्या जन्मतारखेचा अंदाज, गाव आणि कितवीत शाळा सोडली ते कागदावर लिहून न्या. आणि आईंना बरोबर न्या.